मागं जागा न्हाय

१

टक्.

मग थोडी उसंत. मग पुन्हा टक्.

बोटाचं पेर कोरड्या फळीवर आपटावं तसा तो आवाज होता. फार जोरात नाही. झोपलेल्याची झोप मोडू नये, पण जागा असेल त्याला कळावं, एवढाच. त्याला आता एक जन्म झाला. माझे कान गेलेत. नातसून जवळ उभी राहून हाक मारते तरी कळत नाही. पण तो आवाज अजून आहे, कारण तो माझ्या पाठीत राहिलाय. दोन खांद्यांच्या मधोमध.

तेव्हा मोगलाई होती आणि तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. मी उमरग्याला महालिंगप्पा अडत्यांच्या मोटारीवर डायव्हर होतो. आमचं घराणं मेंढरांचं. शाळा मी बघितली ती बाहेरून. पण कान तयार होता. कळपात एखादं कोकरू खोकलं तर ते कुठलं, हे मी मान न वळवता सांगायचो. मोटारही मी त्याच कानानं शिकलो. तिला काय दुखतंय ते तिच्या आवाजावरून कळायचं.

मोटार काळी, बंद टपाची. पेट्रोल मिळेना म्हणून तिच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. सकाळी भट्टी पेटवायची, भाता मारायचा, धूर निवळेपर्यंत चहा घ्यायचा आणि मग निघायचं. उमरगा, नळदुर्ग, पुढं हद्दीवरचा करोडगिरीचा नाका. तिथं निजाम सरकारचे शिपाई माल तपासायचे. नाका ओलांडला की इंग्रजांचा मुलूख, आणि मग सोलापूर. बाजाराला जायचं आणि दुपार कलताना परत फिरायचं. असं आमचं चाललेलं असायचं.

पाऊस सरला होता, ज्वारी वीतभर वर आली होती. सोलापूरहून परत येत होतो. नाका मागं पडला, मोटारीनं जरा वेग धरला, तोच पाठीमागून आवाज आला.

मी मोटार कडेला घेतली. उतरून बानेट उघडलं, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, भट्टीचे नट हातानं चाचपले. सगळं जागच्या जागी. पुन्हा बसलो आणि निघालो. मग घरापर्यंत काही नाही.

मालक शेजारी बसले होते. "काय झालं रं?" म्हणाले.

"काय न्हाय मालक. कायतरी ढिलं झालंय. बघतो."

ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी आवाज ऐकला का, हे विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

२

पुढच्या बाजाराला परत तेच. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. जाताना मोटार कशी मुकी. परत येताना नाका ओलांडला की टक्. मी थांबायचो, शोधायचो, काही सापडायचं नाही, आणि मग ती गप्प.

त्या वेळी घरात मालकांची सून जगदेवी पोटुशी होती. तिचा नवरा वीरभद्र हैदराबादला वकिली शिकत होता. जगदेवी आमच्याच गावाकडची. तिच्या बापाच्या रानात आम्ही खतासाठी मेंढरं बसवायचो, तेव्हापासून ती मला अण्णा म्हणायची. तिची पहिली खेप वाईट गेली होती. घरात तेव्हा मोटार नव्हती. कळा अडल्या म्हणून छपराच्या दमणीत घालून, बैल पळवत तिला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. नाक्याच्या अलीकडंच ती रस्त्यात बाळंत झाली. लेकरू टिकलं नाही. पुढची खेप दवाखान्यातच व्हायला पाहिजे, नाहीतर आईही हाती लागायची नाही, असं सोलापूरच्या दाक्तरीणबाईंनी बजावलं होतं. मोटार त्यासाठीच तर घेतली होती.

मालकांनी एके दिवशी अंगणात मला उभं केलं.

"सिदू, ह्या आवाजाच्या मोटारीत मी सुनंला बसवणार न्हाय. वाटंत मोडली तर काय करायचं? आवाज सापडला तर मोटार. न्हाय सापडला तर दमणी जुपायची."

ते आत गेले. जोत्याच्या खांबाआड जगदेवी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"अण्णा, म्या दमणीत पुन्हा बसणार न्हाय. मेले तर हितंच मरंन."

"आसं बोलू नगं अक्का. सापडंल आवाज."

"सबूत?"

"सबूत कशाला? शब्द हाय माझा."

तिला शब्द दिला आणि मी मोटारीच्या मागंच लागलो. पाट्यांच्या पिना काढून चरबी भरली. जॅक गोणपाटात गुंडाळला. जादाचं चाक दोरानं जखडलं. भट्टीखाली जुन्या टायरचे तुकडे सारले. मुरूम गावच्या वाटेवर दगडाधोंड्यांतून मोटार मुद्दाम आपटत नेली. सगळी खडखडली, पण तो आवाज तिनं काढला नाही. तो ठेवणीतला होता.

३

उमरग्यात मल्लिनाथ मिस्त्री होता. अंगानं मोठा, तोंडात पान, जीभ त्याहून तिखट. त्यानं मोटारीला चक्कर मारली आणि हसला.

"मोटारीचं आन् सासुरवाशिणीचं एकच बघ सिदू. माहेराला आली की दुखणं गायब. हितं माझ्या दारात ती कशाला कण्हंल?"

"मग चल की संगं. परतीच्या वाटंवर ऐक."

"सोलापुरात जेवू घालणार आसशील तर येतो."

मालकांना त्या दिवशी दुसरं काम होतं. आम्ही दोघंच गेलो. परत येताना मल्लिनाथ मागच्या बैठकीवर बसला. त्याच्याकडं हातभर लांब पेचकस होता. त्याचं टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं दुखणं सगळं ऐकू येतं, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मध्ये पडदा होता, घरातल्या बायकांसाठी लावलेला. पडद्याआडून त्याची बडबड चालू होती.

"ह्यो तुझा पाटा बरा हाय... ह्यो बी बरा... सिदू, तुझ्या मोटारीचं पोट माझ्या पोटापेक्षा साफ हाय रं."

नाका गेला. मल्लिनाथ बोलतच होता. मग एका वाक्याच्या मध्येच तो थांबला.

टक्.

मी मोटार कडेला घेतली, उडी मारून खाली उतरलो, चाकांमागं वाकून बघितलं. काही नाही. उठून उभा राहिलो तर मल्लिनाथ पलीकडच्या दारानं खाली उतरून रस्त्यात उभा होता. तोंडातलं पान त्यानं थुंकून टाकलं होतं.

"कुठनं आला रं?" मी विचारलं.

"पुढं बसतो म्या."

"आरं, मागनंच कळंल की कुठनं येतंय त्ये."

"मागं जागा न्हाय," तो म्हणाला.

मी आत बघितलं. बैठक रिकामी होती. तिच्यावर त्याचा पेचकस पडला होता.

"पेचकस ऱ्हायला तुझा."

"ऱ्हाऊ दे."

उमरग्यापर्यंत त्यानं समोरच्या रस्त्यावरनं नजर हलवली नाही. पेचकस न्यायला कधी आला नाही. मी नेऊन दिला तर दुकानाच्या पायरीवर ठेवायला सांगितला.

४

आता अव्वांचं सांगतो.

अव्वा म्हणजे महालिंगप्पांच्या आई, इरम्मा. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. जगदेवीचं ते लेकरू रस्त्यात जन्मलं तेव्हा दमणीत अव्वाच होत्या. ते थोडा वेळ जिवंत होतं, आणि तो सगळा वेळ अव्वांच्या मांडीवर होतं. रस्त्याच्या कडेला हिवराचं एक झाड आहे. त्याच्याखाली त्याला पुरलं, वर दगड रचले. घरी आल्यावर अव्वांनी हट्टच धरला की आता मोटार घ्यायची. त्यांच्या हट्टानं मोटार आली आणि मोटारीबरोबर मी.

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव सिद्रामप्पा, माझं सिदू. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, नवरा जाऊन किती का वर्षं होईनात. म्हणून त्या माझ्या पाठीमागं बसायच्या आणि थांबायचं असलं की बोटाच्या पेरानं माझ्या बैठकीच्या पाठीची फळी वाजवायच्या. टक्. थोडी उसंत. टक्. मी थांबायचो, उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडायचो आणि म्हणायचो, "अव्वा, आलं. उतरा." त्या मोटारीच्या मुठीला कधी हात लावायच्या नाहीत. मी दार उघडून उतरा म्हटल्याशिवाय घरच्या अंगणातही त्या तशाच बसून राहायच्या.

सोलापूरहून परतताना त्या दर खेपेला फळी वाजवायच्या, त्या हिवरापाशी. जाताना नाही, परतीलाच. मी दार धरून, मान खाली घालून उभा राहायचो. त्या उतरून दगडांपाशी जायच्या, थोडा वेळ थांबायच्या आणि परत येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. मीही बोलायचो नाही.

त्या सालच्या पावसाळ्यात अव्वा सोलापूरच्या दवाखान्यात वारल्या. मालकांच्या लिंगायत जातीत मेलेल्या माणसाला बसवूनच समाधी देतात आणि अंग ताठरायच्या आत बसवावं लागतं. मालकांनी त्यांना माझ्या पाठीमागं, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मेलेलं माणूस हद्दीतून न्यायचं म्हणजे नाक्यावर शंभर प्रश्न आणि दिवस मोडला असता. नाक्यावरच्या बलभीम शिपायानं खिडकीचा पडदा सारून विचारलं, "काय अव्वा, बरं हाय न्हवं?"

मालक म्हणाले, "आजारी हायत. झोप लागलीया."

अशा त्या हद्दीतून जिवंत म्हणून आल्या. हिवरापाशी त्या दिवशी थांबलो नाही, थांबण्यासारखी वेळच नव्हती. मोटार थेट मालकांच्या रानात नेली. माणसं तयार होती. त्यांनी मालकांच्या बाजूच्या दारानं अव्वांना बाहेर घेतलं. अव्वांच्या बाजूचं दार बंदच राहिलं. उतरा असं कुणी म्हणालं नाही. मेलेल्या माणसाला कोण म्हणतं?

तर आवाज ओळखीचा होता. ओळखीचा होता म्हणूनच मी त्याला ओळख देत नव्हतो. लाकूड वाळतं, फळी ढिली होते, जिथं रोज ठोकलं जातं तिथंच ती आधी ढिली होते. मी स्वतःला हे सांगायचो आणि ते पटायचंही. उजेडात सगळं पटतं.

५

मल्लिनाथानं अंग काढून घेतल्यावर मी एकटाच गेलो. सोलापूरहून मालाच्या गोण्या शिवायचा सुतळीचा गठ्ठा तेवढा आणायचा होता. तो मी पुढं, शेजारी ठेवला. मागं काही नव्हतं.

नाक्यावर बलभीम होता. त्याची बोलण्याची हौस दांडगी. दिवसभर आडव्या बांबूपाशी उभं राहून राहून माणसाचं तोंड खाजतं.

"आलं का हलवायाचं दुकान? सिदू, भट्टी तापलीच हाय तर जिलब्या तरी काढ की."

"काढतो. तेल तुझ्या घरनं आण."

"माझ्या घरी तेल आसतं तर नाक्यावर कशाला उभा ऱ्हायलो आसतो?" हसत हसत तो मोटारीला वळसा घालून आला. माझ्या मागच्या खिडकीचा पडदा त्यानं बोटानं सारला आणि आत बघून मान लववून लिंगायतांचा नमस्कार घातला. "शरणार्थी, अव्वा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण अव्वा गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो माझ्या खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बऱ्या दिसत्यात की आता. त्या दिवशी लई भ्या वाटलं व्हतं मला. आता दर खेपंला बसून आसत्यात. बोलत मातर न्हाईत."

मी समोरच्या बांबूकडं बघत राहिलो.

"एक इचारू का रं? हात का आसं धरत्यात त्या?" त्यानं डावा हात कोपरात वाकवला, उजवा त्याच्याखाली लावला. "मांडीवर लेकरू घेतल्यावानी. आन् मांडी तर रिकामी."

त्यानं बांबू वर केला. मी मोटार काढली. पडदा सारून मागं बघायचं नाही, हे मी ठरवलं नव्हतं. मान वळतच नव्हती एवढंच. हिवर दिसायला लागला. टक्. उसंत. टक्.

त्या दिवशी मी थांबलो नाही.

टक्. टक्. आवाज मागं राहिला नाही. नळदुर्गात आला, नळदुर्गच्या पुढं आला. घाईचा नव्हता, रागाचाही नव्हता. जाग्या माणसाला कळावं एवढाच. उमरग्यात शिरलो, मालकांच्या अंगणात मोटार उभी केली, भट्टीचं दार उघडून निखारे विझवले. मोटार मुकी झाली. आणि मग, उभ्या मोटारीतून, एकदा टक् झालं.

माजघरातून जगदेवीनं विचारलं, "कोण आलंय वो अण्णा? दार कोण वाजीवतंय?"

"कोण न्हाय अक्का," मी म्हणालो. "म्याच हाय."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटार उघडून बसलो. माझ्या बैठकीच्या पाठीची फळी स्क्रू काढून सोडवली. तिच्यावर उजव्या बाजूला एक छोटा खळगा होता. पेर आपटून आपटून पडलेला. त्या जागेवर मी अंगठा फिरवला. मग फळीच्या जागी कापूस ठासून गादी शिवली. आता तिथं वाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. शब्द दिला होता आणि मी तो पाळायचा ठरवला होता, आवाज कुणाचाही असो.

फळी हातात घेऊन मालकांकडं गेलो.

"सापडला?" ते म्हणाले.

"फळीचा होता, मालक. काढली."

त्यांनी फळीकडं बघितलं. खळगा त्यांनाही दिसला.

"मालक, नाक्यावरचा बलभीम म्हणत व्हता की..."

"बलभीम सरकारचा मानूस. त्याला जे सांगितलं, ते त्यानं धरलं." ते उठले. "तुला आवाज शोधायला सांगितलं व्हतं सिदू. माणसं शोधू नको."

फळी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि आत नेली. ती देवघरात गेली की चुलीत, मला माहीत नाही.

मला एकदा रिकामी मोटार नेऊन बघायची होती. आतापर्यंत मी थांबलो तेव्हा बानेटकडं धावलो होतो, चाकांखाली घुसलो होतो. मागचं दार मी एकदाही उघडलं नव्हतं. आवाज शोधणारा माणूस दार कशाला उघडेल? हे माझ्या डोक्यात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ बलभीमचे ते वाकवलेले हात आले. दार उघडलं तर काय उतरेल आणि काय घेऊन उतरेल?

बघायला सवड मिळालीच नाही. जगदेवीच्या कळा दिवस भरण्याआधी सुरू झाल्या. तिला मोटारीत घातलं, घरातल्या शांताक्काला संगं घेतलं आणि भट्टी लाल होईपर्यंत मोटार पळवली. जाताना आवाज आला नाही. दवाखान्यात ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. चिमूटभर, पण आवाज खणखणीत. मालकांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात डोळे पुसले आणि कुणी बघितलं नाही असं समजून धोतराचा सोगा खाली सोडला.

"नाव माझ्या आईचंच ठेवायचं," ते म्हणाले.

मी परतीच्या वाटेचा विचार करत होतो.

७

शांताक्का आदल्या दिवशी भाड्यानं माणसं नेणाऱ्या सर्विसच्या मोटारीनं पुढं गेली, बाळंतिणीची खोली तयार करायला. परत येताना मालक माझ्या शेजारी पुढं बसले. जगदेवीला मी मागं, डाव्या अंगाला बसवलं. माझ्या पाठीमागची जागा मोकळी ठेवली. तिथं ती गाठोडं ठेवायला गेली तर ते घेऊन मी पायाशी ठेवलं.

"आवो अण्णा, जागा हाय की."

"ऱ्हाऊ दे अक्का. पोरीला पोटाशी धर. घट्ट."

दुपार होती. रस्त्यावर लख्ख ऊन. नाक्यावर बलभीम पुढं आला, मालकांना रामराम घातला आणि वळसा घालून माझ्या मागच्या खिडकीशी गेला. पडदा सारल्याचा आवाज मी ऐकला.

"वा!" तो म्हणाला. "भरली की मांडी, अव्वा!"

मालकांनी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. बांबू वर गेला. माझा पाय आपोआप दाबला गेला आणि मोटार निघाली.

"अक्का," मी पडद्याकडं तोंड करून म्हणालो, "पोरगी जवळ हाय न्हवं?"

उत्तर नाही.

"अक्का!"

कच्ची बाळंतीण, उन्हात डोळा लागला असेल. असणारच.

"मालक, पडदा सारून बघा."

मालकांचा हात पडद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग तो परत आला आणि सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगावर जाऊन बसला. डोळे मिटलेले.

हिवर समोर दिसला.

टक्.

कापूस होता पाठीमागं, हातानं ठासलेला. तरी आवाज लाकडाचाच आला. थोडी उसंत. टक्.

मालकांनी माझं मनगट धरलं. "थांबू नको सिदू. आईची शपथ हाय तुला..." आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. हात ढिला झाला.

"मालक, त्या दिवशी म्या थांबलो न्हाय तर अंगणापातूर आल्या. आज न्हाय थांबलो तर खोलीत येतील. बाळंतिणीच्या खोलीत."

मी ब्रेक दाबला.

खाली उतरलो. पाय सवयीनं बानेटकडं वळले, ते मी मागं फिरवले. मागच्या दाराची मूठ उन्हानं तापली होती. हाताला चटका बसला आणि बरं वाटलं, कारण तो चटका तरी नक्की होता. दार पूर्ण उघडलं. नेहमीसारखी मान खाली घातली.

"अव्वा," मी म्हणालो. "आलं. उतरा."

काही क्षण नुसती भट्टीची घरघर. मग मोटार माझ्या अंगाला कलली, माणूस कडेला सरकल्यावर कलते तशी. दाराखालची पायरी दबली. माझी मान खालीच होती, म्हणून मला दिसलं ते एवढंच: इरकली लुगड्याचा काठ आणि एक टाच. भेगाळलेली, कोरडी, रस्त्याच्या धुळीवर टेकलेली. मोटार वर उचलली गेली आणि सरळ झाली.

मी मान वर केली तेव्हा ती पाठमोरी होती. हिवराकडं चालली होती. दोन्ही कोपरं बाहेर आलेली, हात पुढं धरलेले. पुढं काय होतं ते मागून दिसत नव्हतं.

मला मोटारीत बघायचं होतं. त्याहून दुसरं काही करायचं नव्हतं. पण मान वळेना. तिथं काय असेल, काय नसेल, ते बघून ठेवण्याएवढी हिंमत माझ्या त्या हट्टी जिवात उरली नव्हती. मी नुसता दार धरून उभा राहिलो आणि लहानपणी कोकरासाठी लावायचो तसा कान लावला.

आणि आतून पोरगी रडली. खणखणीत. मग जगदेवीचा झोपेतला आवाज, "उगी गं बाई, उगी, भूक लागली व्हय..."



त्या रडण्यानं हिवराकडं चाललेली ती जागच्या जागी थांबली. हिवराची सावली जिथं सुरू होते तिथं, एक पाय उन्हात, एक सावलीत. वळली नाही. पण थांबली. दार माझ्या हातात सताड उघडं होतं.

"अव्वा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण फुटला. "ही हिच्या आईची हाय. तुमचं तिथं हाय. दगडाखाली."

मी दार लावून घेतलं. हळू, आदळू न देता, थोरल्या माणसाच्या मागं लावतात तसं.

तिची कोपरं हळूहळू खाली आली. एक हात लुगड्याला पुसल्यासारखा झाला. ती दगडांच्या दिशेनं चालत गेली.